उखर्डूंचा डावा डोळा

प्रमिलाबाई चौधरी जळगावच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात टायपिस्ट होत्या. त्र्याण्णव साली तिथे संगणक आला आणि त्या त्यावर काम करू लागल्या. चूक लपवायची त्यांना सवय नव्हती. ही हकिगतही त्यांनीच मला सांगितली.

खालच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर सगळ्या तालुक्यांतल्या नेत्रशिबिरांच्या याद्या असत. प्रोग्रामला फाईलचं एकच नाव चाले, ‘रुग्ण’. त्यामुळे धरणगावची फाईल ‘रुग्ण’ आणि जामनेरचीही ‘रुग्ण’. फक्त मशीनमधले कप्पे वेगळे, गावागणिक एक. फाईलच्या आत गावाचं नाव नसे. एक फाईल चुकीच्या कप्प्यात उतरवली, तर मशीन काही न विचारता आधीची पुसून टाकी.

त्या सकाळी धरणगावची माणसं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वर बसली होती. तेवढ्यात जामनेरची फ्लॉपी आली. बाईंनी ती घाईत उतरवली आणि चिठ्ठ्या छापून वर धाडल्या. चिठ्ठीवर नंबर, नाव आणि कुठला डोळा, एवढंच.

थोड्या वेळाने शिपाई छगन दुसऱ्या नंबरची चिठ्ठी घेऊन परत आला. म्हणाला, “बाई, इथं मंजुळाबाई लिहिलंय. वर तर मिशीवाले आबा बसलेत.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. धरणगावच्या कप्प्यात जामनेरची यादी होती.

“आणि पहिला नंबर?”

“ते आत गेले. उखर्डू. नाव जुळलं ना.”

आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या मुलाला उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि त्याचं नाव उखर्डू ठेवतात. धरणगावात उखर्डू आणि जामनेरातही उखर्डू, यात नवल काही नाही. बरोबर आलेल्या शेवंताबाई नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून नर्सने “उखर्डू ना?” असं विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली होती.

उखर्डूंच्या चिठ्ठीवर उजवा डोळा होता.

बाई जिना चढून वर आल्या. शेवंताबाई बाकावर बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, “आजी, बाबांना कुठल्या डोळ्यानं दिसत नाही?”

“डावा डोळाले दिखत नही, बाई. उजवा चांगला शे.”

शस्त्रक्रियेच्या खोलीत बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. बाईंनी दार ढकललं. उखर्डूआबांचा चेहरा कापडाने झाकलेला होता, फक्त उजवा डोळा उघडा होता. डॉक्टरांच्या हातात भूल देण्याची सुई तयार होती.

“थांबा डॉक्टर. हा डोळा नाही. चूक माझी आहे.”

सुई थांबली. डॉक्टर मग जे बोलले ते बाईंनी मला सांगितलं नाही. पण कापड डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने काढलं.

धरणगावची मूळ फ्लॉपी कपाटात होती. तरी बाईंनी मशीनवर भरवसा ठेवला नाही. बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाला पूर्ण नाव, गाव आणि डोळा विचारला. शस्त्रक्रिया दुपारी सुरू झाल्या. लोक उपाशीपोटी ताटकळले, डॉक्टर बाईंशी बोलेनात.

दुसऱ्या दिवशी आबांच्या डाव्या डोळ्याची पट्टी सुटली, तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. आबांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

“तू ते म्हतारी व्हई गयी वं.”

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. बाई आत न जाताच खाली गेल्या. जामनेरची यादी अजून तिच्या कप्प्यात घालायची होती.