चंद्रप्पाचं न दिसणारं शटर

निलंग्याच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे मी सव्वीस वर्षं बसतो आहे. लातूरची गाडी कधी, उदगीरची गेली का, गेली असेल तर का गेली, हे सगळं मला दिवसातून शंभर वेळा विचारून होतं. समोर हातभर पाटी आहे, तिच्यावर सगळं लिहिलेलं आहे, तरी माणूस त्याच पाटीला टेकून मला विचारतो. माझं डोकं तापतं. आणि अशा विचारून विचारून जीव खाणाऱ्या गावात एक माणूस असा निघाला, की ज्यानं कधी कोणाला काही विचारलंच नाही. तो म्हणजे चंद्रप्पा.

चंद्रप्पाचा स्थानकाच्या फाटकाबाहेर निलंगा राईसचा गाडा. पिवळाधमक भात, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. भात रांधायची त्याची बायको सिंधुवहिनी, वाढायचा हा. गाड्याच्या मागे हनीफभाईंचं गादीघर. भाईंचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, त्याचं शटर खाली ते खालीच. चंद्रप्पाचा जीव त्या दुकानात अडकलेला. दुकान भाड्यानं घ्यायचं, आत टेबलं मांडायची, वर पंखे लावायचे, एवढंच त्याचं स्वप्न. पण हनीफभाईंकडे जाऊन विचारायचं म्हटलं की याच्या तोंडाला कुलूप.

"न्हाई म्हणले तर?" तो म्हणायचा.

"न्हाई म्हणले तर आता तरी कुठं दुकान हाय?" सिंधुवहिनी म्हणायच्या. "जाऊन इचारा की."

तो जायचा नाही. हनीफभाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन परत यायचा. गाड्यावर कोथिंबिरीचा ढीग साचायचा.

अशात फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकानं त्याला लातूरच्या एका शिबिराचा पास दिला. तिथे सूट घातलेल्या सरांनी पाचशे लोकांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, आपलं ध्येय बघा, रंगासकट बघा, वासासकट बघा. ते मिळालंच आहे असं समजून जगा. कसं मिळेल हे विचारू नका, फक्त बघा. आता विचारू नका हे चंद्रप्पाला कोणी पहिल्यांदाच सांगत होतं, आणि तेही स्टेजवरून! त्याला वाटलं, हे सर आपल्यासाठीच जन्माला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहतो तर हा गाड्यासमोर वाकला, हवेत काहीतरी पकडलं आणि एका हातानं सर्रकन वर ढकललं.

"काय करायलास रे?" मी खिडकीतून ओरडलो.

"शटर उघडायलोय, साहेब."

मग ते रोजचंच झालं. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली. मधल्या वेळात डोळे मिटून बसायचं. या प्रकाराला त्यानं नाव ठेवलं डोळेमिट. डोळेमिटीत एकदा त्यानं एकाच कंडक्टरला तीन प्लेटा वाढल्या आणि चौथ्या वेळी नमस्कार करून 'बसा, सोफ्यावर बसा' म्हणाला. कंडक्टर बिचारा मागे वळून सोफा शोधत होता. आमच्या लोकांना तर निमित्तच हवं असतं. ड्रायव्हर मंडळी गाड्यापाशी आली की हवेत टकटक करायची, "येऊ का आत?" हा हसून दार उघडायचा. पायपुसणं कुठे आहे तेही दाखवायचा. मी स्वतः एकदा पाय पुसले, खोटं कशाला सांगू.

मार्च लागला, ऊन तापलं, आणि चंद्रप्पानं स्वेटर घातला. चॉकलेटी, बंद गळ्याचा. आता त्याच्या दुकानात पंख्यांच्या जागी एसी आला होता.

"लई गार सोडलाय, साहेब," तो दात वाजवत म्हणायचा. कपाळावरून घामाच्या धारा. स्वेटर काही निघेना. एप्रिल गेला, मे आला, डांबर पाघळायला लागलं तरी निघेना. सिंधुवहिनींनी स्वेटर दोनदा लपवला. हा म्हणाला, "एसीत बिनस्वेटरचं बसलं तर छातीत कफ व्हतो."

मेच्या सुरुवातीला बातमी आली. लातूरचा एक मोबाइलवाला हनीफभाईंचं दुकान बघून गेला. शनिवारी करार. आणि त्याची अट अशी, की दुकानासमोरचा गाडा हलला पाहिजे. म्हणजे दुकान तर जाणारच, गाडाही जाणार. सिंधुवहिनी त्या दिवशी माझ्या खिडकीशी आल्या. सव्वीस वर्षांत त्या पहिल्यांदा तिथे उभ्या राहिल्या असतील. डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब, तुमी तरी सांगा त्यांला. एकदा जाऊन इचारा म्हणावं."

मी सांगितलं. चंद्रप्पा म्हणाला, "साहेब, आपली डोळेमिट कमी पडायलीय. सरांनी सांगितलंय, चित्र मोठं करून समोर टांगा."

मला असा राग आला की मी उदगीरची गाडी देगलूरची म्हणून पुकारली.

मोठं चित्र म्हटल्यावर आमच्याकडे माणूस दुसरीकडे कुठे जाणार? तो गेला अकरमच्या फ्लेक्सच्या दुकानात. हा अकरम हनीफभाईंचा भाचा. चंद्रप्पानं त्याला सांगितलं, गादीघराचा फोटो घे, वर चंद्रप्पा राईस सेंटर लिही, मला दारात उभा कर. सरांनी ध्येयाला तारीख लावायला सांगितली होती, म्हणून तारीखही दिली, गुरुवारची. फ्लेक्स त्याला घरी खाटेसमोर लावायचा होता. पण हे सांगायचं राहिलं. अकरमनं तर काही विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या दुकानातून वाढदिवस आणि उद्घाटन सोडून तिसरा फ्लेक्स कधी निघालेला नाही. त्यानं बसल्या बसल्या 'भव्य उद्घाटन सोहळा' टाकलं, 'सर्वांना आग्रहाचे निमंत्रण' टाकलं, 'स्नेहभोजनाचा लाभ घ्यावा' टाकलं. खाली काळे चष्मे घातलेले तेवीस शुभेच्छुक. आणि दुकान मामूचं, तेव्हा मामूनंच दिलं असणार, या हिशेबानं मधोमध हनीफभाईंचा हसरा फोटो. बुधवारी पहाटे त्याच्या माणसांनी तो पंधरा फुटांचा फ्लेक्स नेहमीच्या जागी, स्थानकासमोर चौकात, ताणून बांधला.

चंद्रप्पा सकाळी आला. त्यानं फ्लेक्स पाहिला, डोळे चोळले आणि धावत माझ्याकडे आला.

"साहेब, आता उघड्या डोळ्यांनी पण दिसायलंय!"

"मलाही दिसतंय, मूर्खा," मी म्हणालो. तेव्हा कुठे तो मटकन खाली बसला.

फ्लेक्स उतरवून काही उपयोग नव्हता. तेवीस शुभेच्छुकांनी आपापले फोटो मोबाइलवरून गावभर पाठवले होते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता गादीघरासमोर दोनशे माणसं. कोणी हार आणलेला, कोणी नारळ. ढोलवालेही आले. शटर बंद. आणि शटरसमोर चंद्रप्पा, स्वेटर घालून, डोळे घट्ट मिटून उभा. गर्दी नाही असं चित्र बघायचा त्याचा प्रयत्न चालला होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

सिंधुवहिनी मात्र पहाटेपासून चुलीवर होत्या. तीन मोठी पातेली भात. "बोर्डावर जेवणाचं लिवलंय," त्या म्हणाल्या, "मानसं उपाशी जायची न्हाईत."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. अकरमच्या स्कूटरवर मागे बसून, काठी आडवी धरून हनीफभाई आले. ढोल थांबले. हनीफभाईंनी फ्लेक्सकडे पाहिलं, आपल्या हसऱ्या फोटोकडे पाहिलं, मग चंद्रप्पाकडे. आता या माणसाचा गाडा आजच जातो, शनिवार कशाला हवा, असं मला वाटलं.

"चंद्रप्पा, डोळे उघड."

त्यानं एक उघडला.

"माझ्या दुकानाचं उद्घाटन हाय आज. मला कालच्याला व्हाट्सॅपवर समजलं. तुला काही बोलायचं हाय का माझ्याशी?"

चंद्रप्पाचे ओठ हलले. आवाज नाही. सगळा चौक त्या ओठांकडे बघत होता. मग सिंधुवहिनींनी पातेल्यावर झाकण दाणकन आदळलं.

"ह्यांनी इचारल्याबगर एक घास वाढणार न्हाई," त्या म्हणाल्या आणि झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

भाताचा वास अगोदरच सुटला होता. पाच-दहा सेकंद लोकांनी सहन केलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "इचार की रे!" आणि मग सगळा चौक, तेवीस शुभेच्छुक, ढोलवाले, पाटी न वाचणारे माझे सगळे प्रवासी एका सुरात, "इचार! इचार!" मीही ओरडलो. खिडकी सोडून ओरडलो.

चंद्रप्पा रडवेला झाला. त्यानं दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि म्हणाला, "भाई, दुकान देता का?"

"बस?" हनीफभाई म्हणाले. "एवढंच होतं? दोन साल मी घरात बसून वाट बघायलोय. हा गल्लीच्या तोंडाला येतो, कोथिंबीर घेतो, परत जातो. मला वाटलं, ह्याला दुकान न्हाई, कोथिंबीरच पाहिजे. चार लफ्ज होते रे बाबा. चार!"

"अन् लातूरवाला?" चंद्रप्पानं विचारलं. एकदा तोंड उघडल्यावर त्याला चटक लागली असावी.

"त्याला अजून जबान न्हाई दिली. भाड्याचं मागनं बोलू. बाईनं झाकण धरलंय, मला भूक लागली."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. चंद्रप्पानं कुलूप उघडलं, वाकला आणि रोजच्या सवयीनं एका हातानं शटर वर ढकललं. ते जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी ढकललं, तरी नाही. शेवटी मी, अकरम आणि दोन ड्रायव्हर असे चौघं लागलो, तेव्हा ते खडखडाट करत वर गेलं. आत जुना कापूस, जाळी, धूळ आणि दोन वर्षं कोंडलेली हवा. पंखा नाही, टेबल नाही, सोफा नाही.

चंद्रप्पा मधोमध जाऊन उभा राहिला. चारी भिंतींना एकेकदा हात लावला. मग बाहेर तोंड काढून म्हणाला, "सिंधु, आत लई उकडायलंय गं."

आणि त्यानं स्वेटर काढला.