कुंताबाईंच्या आंब्याची पानं

सिहोऱ्याच्या कुंताबाईंना कोणी पानं मागितली की त्यांचा हात आपोआप चांगल्याच पानांवर जायचा. कलशासाठी असोत की तोरणासाठी, फाटकं पान त्यांच्या हातून कधी गेलं नाही. त्यामुळे आमराईतली पानं तपासायला हवीत, खुडून ठेवा, असं कृषी सहायक उर्वशी सांगून गेली, तेव्हा बाईंनी साऱ्या आमराईची अब्रू राखली. परसातल्या शेप्या आंब्याची हिरवीगार पानं खुडली, धुतली, पुसली, आणि वर हळदीकुंकू लावायचा मोह कसाबसा आवरला. मुलगी दाखवायची असली की फाटकी गोधडी कोणी पाहुण्यांपुढं पसरतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तर त्यांचा जन्माचा धडा.

पानं तपासणीत पास झाली आणि तिथंच घोटाळा झाला. झाडांना काहीच कमी नाही असं कळल्यावर मुलगा मंगेश म्हणाला, "माय, मंग झाडं म्हातारीच झाली. मोहर येते, पण आंबा सुपारीएवढा होऊन गळून जाते. कायले ठेवाची? सोमवारी लाकूडवाला येऊन राहिला. तिथं धानाच्या बांध्या पाडू."

परसापासून तलावाच्या पाळीपर्यंतची ती सारी झाडं भय्याजींनी लावलेली. भय्याजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमराईत पाऊल टाकलं की आपला नवरा कुठल्या तरी बुंध्यामागून आत्ता खोकेल असं त्यांना वाटे. पूर्वी वैशाखात घरभर तणसात पिकायला घातलेल्या आंब्यांचा वास असायचा. उपड्या मटक्यावर भाजलेल्या लांब रोट्या, कोपरापर्यंत रस ओघळलेली पोरं, आणि पहिला आंबा बैलांना, मग पोरांना देणारे भय्याजी. ते दिवस आठवले की बाईंचा जीव अजून कासावीस व्हायचा. आता तर त्यांची खूणही आरीखाली जाणार होती.

मंगेशच्या हातापाया पडून त्यांनी लाकूडवाल्याला थोपवलं आणि उर्वशीला बोलावून घेतलं. तिनं आमराईत फिरून पाहिलं. पानांच्या कडा करपलेल्या होत्या.

"आजी, मागची पानं याच झाडांची होती?"

बाईंनी खाली मान घालून खरं काय ते सांगितलं.

"दवाखान्यात दुखणाईताले नेतात, आजी. तुम्ही तर धडधाकट शेजारीण पाठवली," उर्वशी म्हणाली.

मग दोघी मिळून झाडाझाडाशी गेल्या. चारी बाजूंची, खांद्याच्या उंचीवरची, फांदीच्या मधली, कोवळी नाही नि जून नाही अशी पानं उर्वशी दाखवी आणि बाई खुडत. करपलेल्या पानाशी त्यांचा हात दर वेळी अडखळे, आणि उर्वशी म्हणे, "तेही घ्या."

या खेपेचा निकाल सांगायला ती स्वतः आली. "पोटॅश लय कमी आहे, आजी, म्हणून आंबा गळते. पण परसातल्या शेप्याच्या पानांत भरपूर होतं. त्याले वेगळं काय देता?"

"काय देऊ बाई? आंघोळीच्या पाण्याची चूल तिथंच आहे, राख बुडाशी टाकतो."

"राखेतच तर राहते पोटॅश."

भय्याजी रोज सकाळी चुलीतली राख टोपल्यात भरून आमराईत न्यायचे, आज या झाडाला, उद्या त्या. आणि बाई मागून ओरडायच्या, "अजी, भांडे कायनं घासू? थोडी तं ठेवा." ते उंबऱ्याशी मूठभर राख ठेवायचे आणि चालू लागायचे. ते गेले, मागोमाग घरात गॅस आला, आणि रोजची कटकट मिटली म्हणून बाई तेव्हा खूश झाल्या होत्या. आता मात्र त्यांना रडू आवरेना.

मंगेश ऐकत उभा होता. त्यानं लाकूडवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी मोटारसायकलवर पोटॅशचं पोतं घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाईंनी परसातल्या चुलीतली राख टोपल्यात भरली. घरात भांडी आता साबणानं घासतात. तरी निघताना त्या मागच्या दाराशी थांबल्या, उंबऱ्याजवळ एक मूठ राख ठेवली, आणि मग टोपलं कमरेवर घेऊन आमराईकडे चालू लागल्या.