हरण्या की करपा

माझ्या पुतणीच्या लग्नाची हकीकत आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते, आणि दोन्ही तऱ्हा खोट्या आहेत. धुळ्याची बहीण म्हणते की मास्तराच्या जिभेपायी ठरलेली सोयरीक मोडता मोडता राहिली. पुतण्या म्हणतो की काकांनी पिंप्राळ्याच्या व्याह्यांना दोन तास शास्त्र समजावले म्हणून ती टिकली. बहिणीने मला आरोपी केले, पुतण्याने वकील. मी त्या वेळी देवपुरातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो. सोयरीक डगमगली त्या आणि सावरली त्या, दोन्ही प्रसंगी मी हजर होतो. बहीण पहिल्याच प्रसंगी होती आणि पुतण्या दोन्ही वेळा परीक्षेपायी जळगावात होता.

नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. थोरले भाऊ, म्हणजे पुतणीचे वडील, एरंडोलजवळ कापसाची शेती करीत. तंबाखू आणि चुन्याची गोळी डाव्या गालात ठेवायची त्यांना तीस वर्षांची सवय. निजतानाही ती तिथेच असे. जखम झाली तीही नेमकी तिथेच. ‘दाढ टोचते’ म्हणून त्यांनी वर्ष काढले. आम्ही काढू दिले, हेही लिहिले पाहिजे. शेवटी मुंबईला शस्त्रक्रिया झाली. गालासोबत जबड्याचाही तुकडा गेला, बोलणे अस्पष्ट झाले, आणि चारचौघांना शिव्या घालण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता ते भाऊ शाळकरी पाटीवर लिहून बोलू लागले. पाटीवरही पहिली शिवी मलाच मिळाली. मला बरे वाटले.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाईंनी मला मास्तर म्हणून मुद्दाम बसवून सांगितले की, या गाठीतल्या पेशींच्या जनुकांत बिघाड झालेला असतो. त्या पुढेही काही बोलल्या. मी ते ऐकले. पण ऐकणे आणि कानावर पडणे यांत फरक आहे, हे मी विद्यार्थ्यांना वीस वर्षे सांगत आलो होतो. जनुक हा शब्द माझा होता. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या वेलींची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत असे. जनुक म्हणजे आईबापांकडून लेकरांकडे जाणारी वस्तू, हे माझ्या पुस्तकात छापलेले होते. बाईंचे अर्धे वाक्य मी घेतले आणि उरलेले अर्धे पुस्तकातून भरले.

गावी परतल्यावर ओट्यावर सोयरेधायरे जमले. मी सांगितले की हा जनुकांचा दोष आहे. एका म्हाताऱ्याने मुलाबाळांबद्दल विचारले, “मंग मास्तर, हाई पोरंसमा बी येई का?”

मी म्हणालो, “शक्यता नाकारता येत नाही.”

बहीण म्हणते की मी त्या दिवशी तासभर बोललो. मी एवढेच बोललो. पण एवढे पुरले. ओट्यावर मुलाकडचा एक भाचा बसला होता. आठ दिवसांत मध्यस्थ निरोप घेऊन आला की पिंप्राळ्याची मंडळी ‘थोडं थांबू’ म्हणतात. साखरपुडा झालेला, पत्रिका छापायला टाकायच्या बेतात, आणि मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. ‘त्या घराच्या रक्तातच रोग शे’ हे तालुकाभर झाले की तिला दुसरे स्थळही येणार नव्हते. भावांनी पाटीवर लिहिले, ‘माझं जाऊ दे. पोरीचं काय?’ आणि पाटी माझ्यासमोर ठेवून ते भिंतीकडे तोंड करून निजले.

पुढच्या तपासणीला त्यांना घेऊन मीच मुंबईला गेलो आणि बाईंना स्पष्ट विचारले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

“मी तेव्हाच सांगितलं होतं, सर. बिघाड जनुकात आहे, पण जन्माचा नाही. तंबाखूनं त्या जागच्या पेशींमधला ‘थांब’ हा हुकूम पुसून टाकलाय. गालातलं गालात. मुलांना तो जात नाही.”

“आणि त्यावर औषध?”

“आज जे आहे ते चांगल्या पेशीही जाळतं. जिथं बिघाड झालाय तिथंच नेम धरणारं औषध करायची खटपट जगात चालू आहे. येईल.”

भावांनी पाटीवर लिहिले, ‘केव्हा?’ बाईंनी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि शेजारी लिहिले, ‘तुमच्यासाठी उशीर होईल.’ मी आयुष्यात अनेक शिक्षक पाहिले. इतके प्रामाणिक उत्तर फळ्यावर लिहिलेले पाहिले नाही. भावांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला चहा पाजायला लावले, जो त्यांना स्वतःला धड पिता येत नव्हता.

त्यानंतर व्याही आमच्या गावी आले. जळगावच्या शिवारात त्यांचे केळीचे बाग होते, घर पिंप्राळ्याला. पुतण्याच्या गोष्टीत मी त्यांच्या घरी जाऊन दोन तास बोलतो. प्रत्यक्षात ते आमच्या ओसरीत बसले, मी पेशी, केंद्रक असे दोनच शब्द उच्चारले, आणि त्यांनी हात वर केला.

“मास्तर, माले हाई बठ्ठं समजत नही. एकच सांगा. हाऊ रोग हरण्या शे, का करपा?”

केळीवाल्याला याहून नेमका प्रश्न सुचला नसता. हरण्या लागलेल्या झाडाच्या कंदातच रोग असतो; त्याचे पिल, म्हणजे कंदाला फुटलेला कोंब, दुसरीकडे लावले की तोही बाग गेला, म्हणून ते झाड मुळासकट उपटून जाळतात. करपा पानावर येतो. पान कापायचे, फवारा मारायचा. कंद निरोगी असतो आणि पिल खुशाल लावता येते. वीस वर्षे वाटाणे शिकवून मला जो भेद स्वतःलाच सांगता आला नव्हता, तो चौथी शिकलेल्या माणसाने तीन शब्दांत माझ्यापुढे ठेवला.

“करपा,” मी म्हणालो. “आणि त्या दिवशी ओट्यावर मी चुकीचं बोललो होतो.”

हे दुसरे वाक्य घरातले कोणीच सांगत नाही. बहिणीला ते आठवत नाही, कारण त्या दिवशी ती धुळ्याला होती. पुतण्याला ते माझ्या मोठेपणात बसवता येत नाही. मी ते बोललो होतो. व्याह्यांनी भावांच्या गालाच्या टाक्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मंग पत्रिका छापाले टाका.”

इथे गोष्ट संपली असे दोघेही सांगतात. ती संपली नव्हती. आतल्या दारातून पुतणी बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण आवाज वर्गातल्या हुशार मुलीचा होता.

“काका, जन्माचा नाही, तंबाखूचा, असंच ना?”

“असंच.”

“मग आबांना विचारा,” ती व्याह्यांकडे पाहत म्हणाली, “मुलगा पुडी खातो का.”

भावजय “चूप बस, माय” म्हणाली. व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खोटे बोलणे त्यांना सहज जमले असते, कारण मुलगा तिथे नव्हता.

“खास,” ते म्हणाले, म्हणजे खातो. “दिनले चार-पाच.”

“ती सुटली की मला कळवा,” पुतणी म्हणाली. “मग पत्रिका.”

कालपरवापर्यंत जे घर आमची पारख करत होते, त्याची पारख आता चालू झाली होती. व्याही उठले तेव्हा मला वाटले, आता खरोखरच मोडले. त्यांनी चपला घातल्या, भावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “पोरगी तुमन्यापेक्षा चांगली मास्तरीण शे.”

लग्न पाच महिने लांबले. त्या पाच महिन्यांत मुलाने पुडी दोनदा सोडली आणि दोनदा धरली. दुसऱ्यांदा धरल्याचे त्याने स्वतः एरंडोलला येऊन तिला सांगितले. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा तिने तारीख काढू दिली. भाऊ मांडवात खुर्चीवर बसून होते. त्यांनी टाकलेल्या अक्षता अर्ध्या माझ्याच अंगावर पडल्या.