विजयकुमार ऑटोची खरी मिस्त्री

आमच्या रिसाली वस्तीत सारे सांगतात, हर्षाताई भावाच्या गॅरेजात टाइमपास करते. लगन जमत नाही म्हणून बापानं बसवली. पाने उचलून देते, बस.

खोटं. विजयकुमार ऑटोत पाना हर्षाताईच फिरवते. विजयकुमारभैयाले साधा प्लग बदलता येत नाही, तो काउंटरवर बसतो. बुलेटवाले अंकल येतात. मी शेजारची, सदा तिथंच असते, त्यांचा आवाज हुबेहूब काढते, नाकातून: "मिस्तरी कहाँ है? बेटी, भैया को बुलाओ." ताई स्कूटरच्या मागून फरशीवर पाना ठोकते. एक ठोका म्हणजे प्लग, दोन म्हणजे कार्बोरेटर, तीन म्हणजे क्लच. भैया डोळे मिटून, इंजिनाले कान लावून, मोठ्या डॉक्टरवानी बोलतो, "कार्बोरेटर में कचरा है, अंकल." अंकल खूश! हे ठोके ताईनंच ठरवले. पोरीनं बिमारी सांगितली की गिऱ्हाईक गाडी ढकलत दुसऱ्या दुकानात नेते.

औंदा भैयाले पोरगा झाला. बारशासाठी तो सासरी गोंदियाले गेला न तिकडंच पंधरा दिवस राहिला. गॅरेज ताईनं एकटीनं चालवलं, बिमारी तोंडानं सांगून. पहिले दोन दिवस लोक परत गेले. मग तिचं काम पाहून बाजूच्या मरोद्याहून बी गाड्या यायले लागल्या. तिचे बाबा, स्टील प्लांटातून रिटायर झालेले दौलतराव, समोर खुर्ची टाकून सारं पाहत होते. दुकानाची पाटी गंजली होती, नवी करायची होती.

"बाबा, पाटीवर माहं बी नाव टाका न," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं.

दौलतराव खाकरले. "पाहू."

ते घरात गेल्यावर मी म्हटलं, "टाकतेत, ताई. लाव पैज."

"नाही टाकत. दोन प्लेट समोसा-चना."

पाटी आली. 'विजयकुमार अँड सन'. सन दीड महिन्याचा, अजून मान धरत नाही.

"बाबा, हे काय?"

"अवं, तू उद्या सासरी जाशीन. पाटी काय घडीघडी रंगवायची असते?"

भैयाले ड्रिल धरता येत नाही. म्हणून ताईच स्टुलावर चढली, चारही स्क्रू कसले, पाटी सरळ आहे का ते मले विचारलं. मी म्हटलं, सरळ आहे.

दोन प्लेट मी आणल्या. तिनं दोन्ही उभ्यानंच खाल्ल्या, ग्रीसच्या हातानं, पाटीकडं पाठ करून.