पत्रिकांचा कंदील

पाटणला आमच्या शेजारी एक काकू राहतात. कुणी काही फेकायला निघालं, की त्यांचा हात पुढे येतो. "आवं, टाकताय कशाला? आना हिकडं." दिवाळीत त्या जुन्या लग्नपत्रिकांचे आकाशकंदील करून गल्लीभर वाटतात.

यंदा त्यांनी आमच्या दारात स्वतः कंदील टांगला आणि बटण दाबलं. समोरच माझ्या मुलीचं नाव उजळलं, शेजारी त्या मुलाचं. वैशाखात मोडलेलं लग्न! ही बाई आंधळी आहे की काय! काकू मात्र कौतुकानं म्हणाल्या, "कागद लय भारी व्हता. टाकवंना."

मुलगी आत गेली. रडत असेल, असं मला वाटलं. ती उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा आणि कात्री घेऊन बाहेर आली.

"काकू, टाकायच्या कशाला? बसा, कापू या."