साडीवरचा शर्ट

मी आज शिक्षक आहे तो माझ्या थोरल्या वहिनीमुळे. हे मी कुणाहीसमोर सांगतो आणि सांगताना मला अभिमान वाटतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वहिनी सातवी शिकलेली. मी सहावीत असताना ती लग्न होऊन हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं माझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालून दिली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बी.एस्सी. झालो. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं होतं की शिकला तेवढं पुरे झालं, आता रानात हात लागू दे. मला बी.एड. करायचं होतं, पण आबांसमोर माझी जीभ उचलत नसे. वहिनी सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलायची नाही. त्या दिवशी मात्र भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "मामंजी, एक वरीस द्या. भावजी मास्तर हुतील. न्हाय झालं तर मला इचारा."

"तुला इचारून काय हुणार हाय?" आबा म्हणाले.

"मग दोघांस्नीबी बोला. पर एक वरीस द्या."

आबा पुढं काही बोलले नाहीत. आमच्या घरात आबांनी काही न बोलणं म्हणजे होकार.

कोल्हापुरात बी.एड.ला गेल्यावर मला कळलं की मास्तर होणं मी समजलो होतो तेवढं सोपं नाही. शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचे. मागच्या बाकावर आमचे सर वही उघडून बसलेले. पहिल्या पाठात मी इतकं पुस्तकी बोललो की पाचवीतली मुलं एकमेकांकडं बघायला लागली. गावाकडचा शब्द तोंडातून निसटू नये, एवढीच मला धास्ती होती. सरांनी वहीत लिहिलं, "हा पाठ की व्याख्यान? पुन्हा घ्या." दुसऱ्या पाठात मी सगळा वेळ फळ्याशी बोललो. तेव्हा सरांनी बाहेर बोलावून सांगितलं, "आता तिसरा. हाही असाच गेला तर या वर्षी तुमचे पाठ पुरे होणार नाहीत."

म्हणजे वर्ष जाणार. आणि वहिनीनं एकच वर्ष मागून घेतलं होतं.

तिसऱ्या पाठाचा विषय होता ‘ऋतू आणि पोशाख’. दसरा नुकताच झाला होता. पुस्तकाप्रमाणे पावसाळा संपून थंडीकडं वाटचाल सुरू झाली होती, पण कोल्हापुरात ऑक्टोबरचं ऊन असं की दुपारी सायकलच्या सीटला हात लावता येत नव्हता. मी टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, लिहिलं : ‘शिक्षक स्वेटर घालून दाखवेल.’ स्वेटर माझ्याजवळ नव्हता. म्हणून रविवारी गावी गेलो.

वहिनी उसात पाला काढत होती. दसरा झाला की आमच्याकडच्या बायकांचा हा पोशाख ठरलेला : साडी, तिच्यावर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि डोक्याला घट्ट टॉवेल. आबांचा एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट तिनं अंगात घातला होता. वाढलेल्या उसात वारा शिरत नाही. शर्ट पाठीला चिकटला होता.

मी बांधावरूनच स्वेटर मागितला.

"स्वेटर?" ती पाल्याचा भारा टाकून बाहेर आली. "ह्या उनात? बरं वाटत न्हाय व्हय तुमास्नी?"

"पोरांना दाखवायचाय. पाठ आहे."

"आन दाखवून काय सांगणार?"

"थंडीत उबदार कपडे घालावेत."

वहिनी हसायलाच लागली. "त्ये पोरांस्नी ठावं न्हाय व्हय? मग मास्तर कशाला लागतोय?"

मला राग आला. मी म्हणालो, "पुस्तकात तसंच आहे."

"आसंल की. पुस्तकवाला उसात आला न्हवता." मग तिनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमच्या दादांचा लग्नातला स्वेटर पेटीत हाय. न्ह्या. पर पाठ नीट घ्या हं भावजी. मामंजी रोज इचारत्यात, काय झालं म्हणून."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचा तो मरून रंगाचा स्वेटर मी पिशवीत घातला. तिचं बोलणं मात्र मी बांधावरच ठेवून आलो.

मंगळवारी शाहूपुरीतल्या एका शाळेत दुपारच्या तासाला पाठ होता. पत्र्याचं छप्पर, चाळीसेक मुलं, मागं सर. मी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, टाय, आणि त्यावर तो स्वेटर चढवला. दादाची मान माझ्यापेक्षा बारीक. स्वेटर डोक्यातच अडकला. मी आत अंधारात हात हलवत होतो आणि बाहेर वर्ग खिदळत होता.

डोकं बाहेर काढून मी टाचणातला प्रश्न विचारला, "मुलांनो, असे कपडे आपण कधी घालतो?"

"थंडीत!"

"आता कोणता ऋतू चालू आहे?"

"उकाडा!" मागून एकजण ओरडला. "सर, काढा की त्यो! घाम बघा की!"

घाम नाकावरून टायवर पडत होता. सर वहीत काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, माझी आई आत्ताच घालती की. बाबांचा शर्ट. फुल बाह्यांचा. साडीवर."

"साडीवर शर्ट!" तिच्या पुढचा मुलगा वळून म्हणाला. "येडी हाय व्हय तुझी आई?"

सगळा वर्ग हसला. मुलीनं हात खाली घेतला आणि ती दप्तराचा बंद ओढत बसली.

टाचणात पुढचं वाक्य होतं : ‘आता आपण लोकरीचे उपयोग पाहू.’ ते मला पाठ होतं. टाचण सोडलं की गुण जातात, हेही माहीत होतं. मी स्वेटर काढला, टेबलावर ठेवला.

"माझी वहिनीबी घालती," मी म्हणालो. "आन ती येडी न्हाय."

सरांची लेखणी थांबली.

"परवा रविवारीच घातलेला बघून आलोय. एवढ्या उनात. का घातला असंल, सांगा बघू?"

"उसाचं पान कापतंय म्हणून," ती मुलगी हळूच म्हणाली.

"आन पानावरची कुसं टोचत्यात," दुसरा म्हणाला. "माझा काका ऊस तोडताना पायाला पोतं बांधतोय."

"माझे पप्पा फौंड्रीत जाड खाकी घालतात," तिसरा म्हणाला. "उन्हाळ्यातबी. ठिणग्या उडत्यात ना सर."

ज्यानं टोमणा मारला होता तो मुलगा उभा राहिला. "पर सर, मग उकडत न्हाय?"

मी उत्तर द्यायच्या आधीच ती मुलगी उठली. "उकडतंय की. पर घाम पुसला की जातोय. कापलेलं आठ दिस चुरचुरतंय."

"व्हय," तो म्हणाला, आणि खाली बसला.

मग मुलं मला थांबवेनात. कपडा फक्त हवा बघून घालतात की काम बघूनही, यावर मुलं भांडली. फळ्यावर मी एकच शब्द लिहिला होता, ‘पोशाख’. घंटा झाली तेव्हा माझी मान ताठ होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला हे काम येतं.

सरांनी वही हातात दिली. लाल शाईत लिहिलं होतं, "टाचण सोडले. फलकलेखन अपुरे. पाठ उत्तम. पुन्हा घेण्याची गरज नाही." जाता जाता त्यांनी विचारलं, "वहिनी खरीच आहे ना?"

"आहे सर," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी पोस्टातून अंतर्देशीय पत्र आणलं आणि लिहिलं :

वहिनी,

नमस्कार. पाठ चांगला झाला. सरांनी वहीत ‘उत्तम’ लिहिलं आहे. वर्ष वाया जात नाही. आबांना हे तुम्हीच सांगा. मी सांगू शकलो असतो, पण शब्द तुम्ही दिला होता, तेव्हा सांगायचा मानही तुमचाच.

तुम्हाला न विचारता मी वर्गात तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही उसात काय घालता आणि का, हे आता चाळीस मुलांना आणि आमच्या सरांना माहीत आहे. राग आला असेल तर घरी आल्यावर बोला.

आणखी एक. मागच्या आठवड्यात एस.टी.तून येताना माझ्या खोलीतला मित्र शेतातल्या बायकांचे शर्ट बघून हसला होता. मीही हसलो होतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसतं, म्हणून मीच लिहितो.

पाठ संपल्यावर मुलांनी मला गाठलं आणि विचारलं, उसाच्या पानाला धार नक्की कुठल्या बाजूनं असते, वरून खाली हात फिरवला तर कापतं का खालून वर? मी बी.एस्सी. झालो, पण मला सांगता आलं नाही. मी त्यांना म्हणालो, वहिनींना विचारून सांगतो. तेव्हा दोन ओळी लिहून पाठवा. अक्षराची काळजी करू नका. तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

तुमचा धाकटा दीर