जांभळ्या रेघा

उटण्याचा वास आला की धरणगावची ती दिवाळीची पहाट आठवते. माझ्या मेंदूच्या आवरणावरची गाठ ऑपरेशनमध्ये पुरती निघाली नव्हती, म्हणून मुंबईला किरणांचे शेक चालू होते. दिवाळीत मशीन चार दिवस बंद, तेवढ्यापुरती घरी आले होते. किरण कुठे सोडायचे त्याच्या जांभळ्या रेघा डॉक्टरांनी माझ्या भादरलेल्या डोक्यावर आखल्या होत्या आणि तेल-पाणी लावू नका, म्हणून बजावलं होतं. अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पाणी तापत होतं. जावा एकमेकींच्या डोक्यात तेल जिरवत होत्या आणि मी पदर घट्ट ओढून ओट्यावर कोरडी बसले होते. माझ्या अंगात वीज भरलीय असं वाटून जो तो मला टाळून जायचा. शेवटी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, तेलाची वाटी घेऊन आल्या. "बठ्ठा न्हाई ग्यात, तूच राहिनी. पाय तरी दे व माय," म्हणाल्या. सणावाराला ज्यांच्या पाया मी पडायची, त्यांनी माझी पावलं मांडीवर घेतली आणि वाटीतलं सगळं तेल तळव्यांत जिरवलं. आता डोक्यावर एकही रेघ नाही, तेल कुणीही लावावं. पण वाटी घेऊन येणारं घरात कुणी उरलेलं नाही.